काकासाहेबांची संपूर्ण गुप्तता

औरंगपुऱ्यात एका साडीच्या दुकानावर काकासाहेबांचं वधू-वर सूचक केंद्र आहे. पाटीवर केंद्राच्या नावापेक्षा ठळक अक्षरांत लिहिलंय, 'संपूर्ण गुप्तता'. आणि माणूस खरंच तसा होता. कुणाची मोडलेली सोयरीक, कुणाचं चोरलेलं वय, कुणाचं 'कधीमधी' पिणं, एकवीस वर्षं सगळं पोटात. बायको द्वारकाबाई जेवताना खोदून विचारायच्या, तर हे आमटीचं कौतुक सुरू करायचे. बायोडेटांच्या कपाटाला तीन कुलुपं, आणि तिसऱ्याची किल्ली करगोट्याला. गोदरेजवाल्यांनी येऊन धडे घ्यावेत असा बंदोबस्त.

पुढं लोक बायोडेटा ई-मेलवर मागू लागले. ई-मेल कुणाकडून घ्यायचा, हे काकासाहेबांनी जावई शोधतात तसं शोधलं. घराणं कोणतं, नात्यात कोण, बोलाचालीला कसा. मोठ्या कंपन्या पहिल्याच फेरीत बाद झाल्या, कारण त्यांचे पाहुणे कोण हेच कळेना. शेवटी द्वारकाबाईंच्या धाकट्या बहिणीचा, भागूबाईचा, मुलगा ऋतुराज पसंत पडला. सिडकोत राहत्या घरीच त्याची 'भरोसा डिजिटल' नावाची कंपनी होती. पहिल्या वर्षी त्यानं फुकटात भिंतीवरचं कॅलेंडरही दिलं. आता याहून सुरक्षित काय असणार?

लग्नासाठी नाव नोंदवायला आलेल्या सायलीनं मात्र पहिल्याच भेटीत विचारलं होतं. चितेगावच्या एका कंपनीत ती कॉम्प्युटरचं काम बघायची.

"काका, तुमचा ई-मेल एन्क्रिप्टेड आहे का? म्हणजे तुमच्याशिवाय कुणालाच वाचता येणार नाही, असा?"

"व्हय तर! पासवर्ड हाय ना त्याला," काकासाहेब म्हणाले. "आन् कंपनी घरचीच हाय."

सायलीला लहानपणी फिट यायच्या. सहा वर्षांत एकही आली नव्हती, पण गोळी चालू होती. काकासाहेबांना अंधारात ठेवायचं नाही म्हणून तिनं डॉक्टरांचा कागद मेलवर पाठवला आणि खाली लिहिलं, 'हे मुलाला मी स्वतः सांगणार आहे. कृपया आधी कुणी सांगू नये.' काकासाहेबांनी कागद वाचला आणि तोंड शिवून घेतलं. बिडकीनच्या सुदर्शनचं स्थळ जुळत आलं होतं, रविवारी दोघं भेटणार होते. पोरगी खरी आहे याचं त्यांना मनापासून कौतुक वाटत होतं.

शुक्रवारी सुदर्शनच्या वडिलांचा फोन आला. "रविवारचं राहू द्या. पोरीला फिट येतात म्हणं."

काकासाहेब फोन ठेवून कपाटाकडं धावले. त्यांनी कपाट तपासलं. तिन्ही कुलुपं जागच्या जागी, कमरेला किल्ली. एवढ्यात भागूबाईचा फोन.

"दाजी, त्या चितेगावच्या पोरीचं स्थळ बिडकीनला कशाला दावलं? बरं झालं, परवा बारशात त्या पोराची मावशी माझ्या शेजारीच बसली व्हती. म्या म्हनलं, बाई, सावध."

काकासाहेब तडक रिक्षानं सिडकोत पोचले. ऋतुराज चहा पीत बसला होता.

"तू माझे मेल वाचतो का रे?"

"नाय हो काका! मला कुठला येळ? आई वाचती. दुपारी टीव्हीवर काय नसलं की बसती."

"पण पासवर्ड हाय ना त्याला!"

"तो तुमच्यासाठी. वाटंत बी कुलूप असतं, मधल्या कुणाला वाचता येत नाय. पण माझ्या मशिनीत पोचलं की समदं उघडंच. माझ्यापासून बी बंद राहील असा मेल मिळतो, पन तसा तुम्ही मागितला कुठं? तुम्ही तर समद्यांना इचारत बसला, पाहुणे कोण."

एकवीस वर्षं बायकोला जे कळू दिलं नाही, ते मेहुणी दुपारच्या चहाबरोबर वाचत होती.

काकासाहेबांनी बिडकीनला जाऊन हात जोडले. सुदर्शनच्या वडिलांनी चहा पाजला, पाऊसपाण्याचं विचारलं आणि गोड बोलून वाटेला लावलं. मग ते चितेगावला सायलीच्या कंपनीच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखाद्या मुलीला सगळं न लपवता सांगितलं. भागूबाई, बारसं, मावशी, सगळं. शेवटी म्हणाले, "पोरी, याच्यापेक्षा चांगलं स्थळ आणतो. तुला नकार येणारच नाय असं बघतो."

"नकाराचं काही नाही, काका," सायली म्हणाली. "तो समोर बसून नाही म्हणाला असता, तर मी चहा संपवून घरी आले असते. मी महिनाभर आरशासमोर तेवढं एक वाक्य म्हणत होते. ते स्वतःच्या तोंडानं सांगायला पहिल्यांदाच धीर झाला होता."

एवढं बोलून ती बसकडं निघाली. काकासाहेबांनी सवयीनं कमरेची किल्ली चाचपली; ती जागच्या जागी होती.