भोयर सरांचा परवा

वामनराव भोयर सरांची आणि माझी पहिली भेट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, वर्ध्याच्या महाविद्यालयात झाली. मी वडनेरहून आलेली, इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर मान खाली घालून बसणारी. सरांनी फळ्यावर 'ग्लोमिंग' असा शब्द लिहिला आणि म्हणाले, "हा आता इंग्रजही फारसा वापरत नाहीत. दिवस बुडाल्यावर आणि अंधार पडण्याआधीच्या वेळेला तुमच्या घरी काय म्हणतात, ते विचारून या."

अडगळीत पडलेल्या इंग्रजी शब्दांचा सरांना भारी नाद. परीक्षेत यांचा काय उपयोग, अशी आमची कुरकुर असे, आणि ती अगदीच खोटी नव्हती. पण सोमवारी कुणी 'दिवेलागण' घेऊन येई, कुणी 'सांजवेळ'. एका गोंड मुलाने भीतभीत आपल्या घरचा शब्द सांगितला, तर सरांनी तो सर्वांत वर लिहिला आणि त्याच्याकडून स्वतःचा उच्चार सुधारून घेतला. एखादा शब्द अडला, तर "मला ठाऊक नाही, पाहून सांगतो," असे ते भर वर्गात म्हणत. प्राध्यापकांच्या तोंडी हे वाक्य मी तिथेच प्रथम ऐकले.

पहिल्याच वर्षी मी इंग्रजीत नापास झाले. बाबा मला कायमचे घरी न्यायला आले. निरोप घ्यायला म्हणून मी त्यांच्यासोबत नालवाडीला सरांच्या घरी गेले, आणि दारातच रडू फुटले. सरांनी आधी आपल्या पत्नीला, आमच्या काकूंना, चहा ठेवायला सांगितला, मग आपली पुस्तकी मराठी बाजूला ठेवून बाबांना विचारले,

"भाऊ, उद्याच्या दुसऱ्या दिवसाले तुम्ही काय म्हणता?"

"परवा. काऊन?"

"इंग्रजाइजवळ त्याले एक शब्द होता, ओव्हरमॉरो. त्याइनं तो हरवून टाकला. आता चार शब्द जोडून काम भागवतात."

बाबा विचारात पडले. "एवढं राज्य केलं, अन् परव्याले शब्द नाई?"

"नाई. अन् अशा लोकाइच्या भाषेले भिऊन तुमची पोरगी घरी चालली. राहू द्या तिले, मी शिकवतो."

बाबा इतके मोकळे हसलेले मी क्वचितच पाहिले. म्हणाले, "बरं सर, राहू द्या. परव्यापर्यंत."

सर संध्याकाळी शिकवत आणि काकू जेवल्याशिवाय सोडत नसत. मी पास झाले, पुढे एम. ए. केले, आज हिंगणघाटला इंग्रजी शिकवते. सुटीत घरी गेले की बाबा हमखास विचारत, "झाला का वं परवा?" मी म्हणे, "नाई बाबा, अजून नाई."

बाबा आता नाहीत. मला परत न्यायचा तो परवा कधी उगवला नाही, तो सरांमुळे. सर यंदा साठ वर्षांचे झाले. त्यांना ठणठणीत प्रकृती लाभो, नवे विद्यार्थी आणि जुने शब्द लाभोत. आणि पुढे कधी काळ त्यांना न्यायला दारात आलाच, तर त्यानेही आधी चहा घ्यावा, बाबांसारखे हसावे आणि म्हणावे, "राहू द्या त्याइले. परव्यापर्यंत."