काळ्या लोकरीच्या सात छटा

तीन आठवड्यांपूर्वी हिंगोलीच्या बाजारात ड्रॉइंग पेपर घेत होते, तेव्हा कुरुंद्याहून सुनीताचा फोन आला. "मॅडम, आत्या गेल्या. दुपारी जेवून बाजेवर आडव्या झाल्या, त्या उठल्याच न्हाईत." सुनीता म्हणजे गयामावशीची सून. दुकानदारानं विचारलं, कागद बांधू का? मी हो म्हणाले, आणि तिथल्या स्टुलावर बसूनच राहिले. पण खोटं कशाला सांगू, रडण्याच्या आधी मला आठवलं ते मावशीचं खिडकीतलं वाक्य, आणि ओठांवर हसूच आलं.

मी कुरुंद्याच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. आमच्या वर्गाची मागची खिडकी माळाकडं उघडायची आणि सोयाबीन निघालं की गयामावशी तिथं मेंढरं घेऊन यायची. साठीची, उंच, कपाळावर ठसठशीत कुंकू. एकदा मी टेबलावर मडकं आणि दोन लिंबं ठेवून मुलींना स्थिरचित्र शिकवत होते. फळ्यावर मडकं काढलं, सवयीनं उजव्या बाजूला छाया भरली. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "मॅडम, उजेड हिकडून येऊन राहिला, अन् सावली बी हिकडंच काहून पाडली?" मी वळून पाहिलं. मडक्याची उजवी बाजू लख्ख उजळली होती. सगळा वर्ग हसला, मीही हसले, आणि मावशी मात्र लाजून मेंढरांमागं पळाली.

दुसऱ्या दिवशी मीच माळावर गेले. एक कोरी वही आणि मऊ शिशाची पेन्सिल दिली. मावशीनं पेन्सिल विळ्यासारखी मुठीत धरली! "मावशी, सैल धरा. मनगट नका हलवू, खांद्यातून हात फिरवा." पहिली आडवी रेषा निघाली ती कागद फाडूनच. पण छटांचा पट्टा सांगितला तेव्हा चमत्कार झाला. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सात चौकोन, प्रत्येक आधीच्यापेक्षा किंचित गडद. माझ्या मुलींना हे जमायला महिना लागायचा. मावशीनं बसल्या बैठकीला बरोबर भरले. मी थक्क झाले तर म्हणाली, "त्यात काय? ही मेंढी तव्यावानी काळी, ती जांभळावानी, अन् ती म्हातारी उनात तांबूस पडती. तुमाला समद्या एकच काळ्या दिसत्यात व्हय?" मला खरंच एकच दिसत होत्या. त्या दिवसापासून तशा दिसेनाशा झाल्या.

लोकरीचा पोत काढताना ती एकेक केस काढत बसली. मी म्हटलं, सगळे नाही काढायचे, उजेड संपून सावली सुरू होते तिथं चार काढायचे, बाकीचे बघणाऱ्याला आपोआप दिसतात. मावशी खो खो हसली. "म्हंजी अर्धं काम दुसऱ्यानं करायचं! ही इद्या ब्येस हाय." मग तिनं आपल्या कळपातल्या एकेका मेंढीचं तोंड काढायला घेतलं. दोन वर्षांत वही भरली.

ती वही कामाला आली ती अशी. एका हिवाळ्यात लांबून आलेला एक मोठा कळप औंढ्याच्या रस्त्याला उतरला होता. चरताना दोन्हीकडची मेंढरं मिसळली आणि मावशीच्या तीन मेंढ्या त्या कळपाबरोबर गेल्या. दुसऱ्या दिवशी तिनं त्या शोधल्या, पण कळपाचा मालक ऐकेना. "बाई, माझ्याकडं दोनशे हायेत. ह्या तुझ्या कशावरून?" तिन्ही गाभण होत्या आणि त्यातली एक मावशीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. मावशीनं मला फोन केला. मी, सुनीता आणि गावातली चार जाणती माणसं तिथं गेलो.

मावशीनं पदराखालून वही काढली. पहिलं पान : डाव्या कानाला चीर. होती. दुसरं पान : नाकावर वाटाण्याएवढा पांढरा ठिपका. होता. तिसरी तिची लाडकी. चित्रात कागदाच्या उजवीकडच्या डोळ्याभोवती काळं वर्तुळ होतं. मालकानं मेंढीला मागून धरलं होतं. तो ओरडला, "हिचा तर डावा डोळा काळा हाय! चुकलं!" माणसं वहीत डोकावली. मलाही वाटलं, घाईत बाजू चुकली की काय?

मावशी शांत होती. "पाहुणे, तुमी तिच्या मागून बघून राहिले. मी काढली तवा ती माझ्याकडं तोंड करून हुती. फिरवा तिला."

मालकानं मेंढी फिरवली. मावशीनं वही तिच्या तोंडाशेजारी धरली. काळं वर्तुळ अगदी चित्रातल्यासारखं, आमच्या उजव्या हाताला. मालक एकदा मेंढीकडं बघे, एकदा वहीकडं. मग डोक्यावरचा फेटा काढून तो असा हसला की त्याची कुत्री भुंकायला लागली. "माय, न्या तुमच्या मेंढ्या," तो म्हणाला, "पर जायच्या आधी माझ्या एडक्याचं चित्र काढून द्या." मावशीनं दिलं काढून, आणि वर सुनावलं, "त्याला हालू देऊ नका. शिंगाचा वेटोळा लई तकलीफ देतो." परतताना टेंपोत त्या लाडक्या मेंढीचं तोंड मांडीवर घेऊन ती बसली होती. म्हणाली, "मॅडम, मला लिवता येत न्हाई. पर आज माझी सही चालली की!"

पुढं माझी बदली झाली, भेटी कमी झाल्या. तेराव्याला कुरुंद्याला गेले. सुनीतानं जेवण झाल्यावर मला मागं मेंढवाड्याकडं नेलं. तिथली भिंत नुकतीच चुन्यानं रंगवलेली होती, फक्त मधला हातभर तुकडा जुनाट, मळकाच ठेवलेला. त्यावर चुलीतल्या कोळशानं एक बाई काढली होती. जाड चष्मा, विस्कटलेला अंबाडा, मान मागं टाकून हसणारी. अंबाड्याचे केस चारच, पण जागच्या जागी. मी हसले की माझे इतके दात दिसतात, हे मला ठाऊक नव्हतं.

"आत्या म्हणल्या हुत्या, चुना मारा, पर मॅडमला लागू देऊ नका," सुनीता म्हणाली.

मी भिंतीकडं बघत उभी राहिले. शेजारी मेंढ्या निवांत रवंथ करत होत्या, आणि आम्ही दोघी मनसोक्त हसत होतो. मी आणि ती भिंतीवरची.