सिद्रामचा बाभळीचा ठोकळा

वायरमन मंडळी, आज दुपारचं सांगतो.

वायर ओवायची नळी वाकवायला मला लोखंडी बेंडरच लागतो. माझा जोडीदार सिद्राम मात्र बाभळीच्या ठोकळ्याला पाडलेल्या भोकात नळी घालून वाकवायचा. "लोखंड नळीला चेपतंय, लाकूड सांभाळून घेतंय की," म्हणायचा. समोरासमोर उभे राहून बारा वर्षं आम्ही यावरून भांडलो.

त्याला जाऊन महिना झाला. भवानी पेठेत एका घरात पहिल्यांदाच वीज येतेय, तिथं मी एकटाच काम करतोय. आज त्याची बायको ठोकळा घेऊन आली. "अण्णा, चुलीत घालवंना. तुमीच ठिवा."

मी "बरं" म्हणालो. भाकरी खाल्ली. मग त्यावर एक नळी वाकवली, ती चेपली.

सिद्राम डावखुरा. त्याच्या हातानं भोकाची एकच, त्याच्या बाजूची कड घासून गुळगुळीत झालीय. म्हणून पलीकडं, त्याच्या जागी जाऊन उभा राहिलो. दुसरी नळी सुरेख वळली.

"तुझंच खरं," म्हणायला मान वर केली. समोर माझी जागा रिकामी होती.

रडूबिडू आलं नाही. लाकडावर वाकवणारं तुमच्यात कुणी असेल, तर कामावर या. मी हरलो, हे कुणाला तरी सांगायचंय.