तुरुंगावर व्याख्यान

निवृत्तीनंतर माणसाला एक तर साखर होते, नाही तर व्याख्यानं होतात, असं माझी बायको म्हणते. मला व्याख्यानं झाली. धारवाडच्या एका शाळेत मी आयुष्यभर इतिहास शिकवला, पण वर्गात बसणं भाग असलेल्या पोरांखेरीज माझं कुणी आपणहून ऐकलं नव्हतं. म्हणून आमच्या मराठी मंडळानं बोलायला बोलावलं तेव्हा मी चांगला भारदस्त विषय निवडला. 'आपली तुरुंग व्यवस्था: काल, आज आणि उद्या.' तुरुंग मी फक्त बाहेरून पाहिला होता, तोही बसच्या खिडकीतून. 'उद्या'बद्दल तर मला काहीच ठाऊक नव्हतं, पण शीर्षकात ते शोभून दिसत होतं.

सुरुवात वाचनालयापासून केली. तिथल्या बाईंना कन्नडमध्ये सांगितलं की बंदीखान्यावर जे काही असेल ते द्या. त्यांनी दोन जुने सरकारी अहवाल शोधून दिले आणि मराठी पुस्तकं तुम्हीच बघा म्हणाल्या. सूचीच्या एका फाटक्या पानावर मला 'बंदिस्त' एवढाच शब्द दिसला. मोठ्या उत्साहानं ते पुस्तक मागवलं. ते बंदिस्त शेळीपालनावरचं निघालं. परत देणं कमीपणाचं वाटलं म्हणून घरी आणून वाचलं. एका शेळीला किती जागा लागते ते त्यात स्वच्छ सांगितलं होतं. एका कैद्याला किती लागते हे अहवालात शोधता शोधता माझा आठवडा गेला.

मग मोबाइल हातात घेतला. तो मुलीनं घेऊन दिलेला. ती बेंगळुरूला असते. तिनंच तो आपल्या खात्यावर चालू करून दिला होता. मी जे शोधतो ते तिच्याकडेही दिसतं, हे मला माहीत नव्हतं. मी आपला मन लावून विचारत होतो: अटक झाल्यावर पहिल्या दिवशी काय होतं? तुरुंगात चष्मा आणि बीपीच्या गोळ्या नेता येतात का? म्हाताऱ्या कैद्यांना शिक्षेत सूट असते का? जामीन कोण राहू शकतो? अभ्यासक म्हणून मला यात काही वावगं वाटलं नाही.

घरातली हवा बदलली ती त्यानंतर. जेवायला रोज माझ्या आवडीचं होऊ लागलं. बायको माझ्याशी हळू आवाजात बोलू लागली. एकदा म्हणाली, शाळेचं ते इमारत फंडाचं काम तुमच्याकडे होतं नाही का? होतं, म्हणालो, आणि पुढं वाचू लागलो. व्याख्यानाचं मी घरी बोललोच नव्हतो. छापील पत्रिका आली की एकदम दाखवायची, असा माझा बेत होता. इकडे मुलीनं आईला फोन केला होता, आईनं हुबळीला दुर्गदबैलात कापडाचं दुकान असलेल्या माझ्या धाकट्या भावाला, आणि भावानं, कुणाला सांगू नका असं बजावून, अळणावरच्या आत्याला.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय ऐंशीच्या घरात, एकटी राहते. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. गुडघ्यांमुळं ती लग्नकार्यालाही येत नाही. ती एका सकाळच्या गाडीनं एकटीच आली आणि पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसली. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"खरं सांग," म्हणाली, "काय केलास?"

मी काही केलं नाही म्हणालो. सगळे असंच म्हणतात, असं तिच्या तोंडावर दिसलं. तिनं पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. तिच्या घराचा उतारा होता.

"जामिनाला हा चालतो," ती म्हणाली. "मी राहते तुला जामीन. तुझ्या काकांच्या वेळी कुणी राहिलं नाही. आपल्या घरातलं माणूस परत तसं आत राहायला नको."

बायको ताक घेऊन येत होती, ती दारातच थांबली. काका, म्हणजे आत्याचे यजमान, कधी आत होते हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. आधी मी काय झालं ते सांगितलं. मंडळ, व्याख्यान, वाचनालय, मोबाइल. सांगताना स्वतःलाच ते इतकं पोकळ वाटत होतं की एखादा लहानसा गुन्हा केला असता तर बरं झालं असतं. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तू काहीच केला नाहीस," ती म्हणाली, आणि मग ताक प्याली.

पुढचं तिनं तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. काका लाकडाच्या वखारीत कारकून होते. सागवान गायब झालं आणि बोट त्यांच्याकडे वळलं. जामीन मंजूर झाला होता, पण राहणारं कुणी मिळालं नाही. ती माझ्या वडिलांकडं आली होती. वडील सरकारी नोकरीत. त्यांनी नको म्हटलं. निकाल लागून निर्दोष सुटेपर्यंत काका धारवाडच्या तुरुंगातच होते. बाहेर सगळ्यांना सांगितलं होतं की ते कामासाठी गोव्याला गेलेत. आत्या त्यांना भेटायला निघाली की शेजारणी काजू आणायला सांगत. परतताना ती धारवाडच्या बाजारातून काजू घेऊन जायची.

मी नकळत पेन हातात घेतलं होतं. बायकोनं ते काढून घेतलं.

मला मात्र काका आठवले. शाळेच्या सुट्टीत अळणावरला गेलो की मी त्यांच्या मागं लागायचो, गोव्याचा समुद्र कसा आहे ते सांगा म्हणून. ते सांगायचे, "मोठा आहे. पलीकडचं काही दिसत नाही." तेवढ्यावर मी शाळेत निबंध लिहिला होता. त्यांच्या घरात कुठल्याच दाराला आतून कडी लावायची नाही असा नियम होता. आम्ही पोरं त्याला वेंधळेपणा समजून हसायचो.

माझ्या टिपणांत कच्च्या कैद्यांवर, म्हणजे निकाल न लागलेल्या माणसांवर, तीन पानं होती. जामीन मंजूर होऊनही राहणारं कुणी नाही म्हणून माणसं आत कशी पडून राहतात, ते मी अहवालातून उतरवून काढलं होतं आणि पुढं कंसात लिहिलं होतं: 'येथे एखादे उदाहरण द्यावे.'

वडील आता नाहीत, त्यांना विचारता आलं नाही. ते घाबरट होते, वाईट नव्हते. त्यांच्या जागी मी असतो तर नियम नेमका काय आहे ते आधी वाचून येतो, असं म्हणून वाचनालयात जाऊन बसलो असतो, असं मला वाटतं.

आत्या आमच्याकडे राहिली. हे व्याख्यानात सांगू का, असं मी तिला विचारलं. तिनं विचार केला आणि म्हणाली, "गाव सांग, नाव सांगू नको." गावात ओळखणारं आता कोण उरलंय, असंही म्हणाली.

व्याख्यानाला मुलगी बेंगळुरूहून आली, थोडी ओशाळलेली. 'काल' आणि 'उद्या' मी सोडून दिले. वखार, उतारा, काजू एवढंच सांगत गेलो, आणि समुद्रापाशी आल्यावर चष्मा पुसायला थांबलो. अध्यक्षांना वाटलं, भाषण संपलं. त्यांनी आभार मानले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यातलं माझं ते सगळ्यात छोटं भाषण, आणि लोक म्हणतात, सगळ्यात बरं.

आत्या पहिल्या रांगेत होती. घरी येताना रिक्षात तिला विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, "तुझ्या काकांना काजू आवडायचे. ते सांगायचं राहिलं तुझं."