टोपणातला द्राक्षरस

आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकरीच्या तुकड्याबरोबर सगळ्यांनी घोटभर घ्यायचा द्राक्षरस आई करते. महाडच्या बाजारातून काळ्या मनुका आणायच्या, शनिवारी दुपारी धुऊन भिजत घालायच्या, संध्याकाळी त्याच पाण्यात उकळायच्या आणि जुन्या मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. हे काम तिला कुणी नेमून दिलेलं नाही. आधी आजी करायची, मग आईकडे आलं. रस आधी चाखून बघायचा नाही, हा आजीचा नियम आईनेही पाळला. जे प्रभूच्या मेजावर जायचंय, त्याला आधी आपलं तोंड लावायचं नाही.

आणि रस करणारी ही बाई गेली काही वर्षं प्रभुभोजन घेत नव्हती. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती बाटली घेऊन चर्चमध्ये यायची, वेदीजवळच्या मेजावर ठेवायची, मागच्या बाकावर बसायची आणि सगळे पुढे गेले की मान खाली घालून गीतांचं पुस्तक चाळायची. आमच्यात प्रभुभोजन न घेणं साधी गोष्ट नाही. कुणाशी वैर असेल तर माणूस घेत नाही, मोठं पाप मनात असेल तर घेत नाही. सुरुवातीला बायका माझ्याकडे वळून बघायच्या. पुढे बघेनाशा झाल्या, तेव्हा मला जास्त लागलं.

कारण होतं छोटे ग्लास. करोनात चर्च बंद होतं. उघडलं तेव्हा आमच्या खजिनदारांनी एक ट्रे आणला. भोकाभोकांचा, आणि प्रत्येक भोकात बोटभर उंचीचा प्लास्टिकचा ग्लास. त्याआधी मोठा प्याला होता, मिशनच्या काळातला, चांदीचं पाणी दिलेला. पाळकसाहेब तो एकेकाच्या ओठाला लावत, कडा पुसत, पुढे सरकत. ट्रे पाहून आई म्हणाली होती, "ही औषधाच्या बाटलीची टोपणं कशाला आणलीत?" तेव्हा सगळे हसले. रोग होता, कुणाची हरकत नव्हती. आईचीही नव्हती.

मग रोग गेला. तोंडावरचे मास्क गेले, लग्नाच्या पंगती सुरू झाल्या, एका तांब्यातलं पाणी सगळे वरून पिऊ लागले. टोपणं राहिली. एका रविवारी ट्रे समोर आल्यावर आईने मान हलवली आणि परत बाकावर येऊन बसली. मला वाटलं चक्कर आली. घरी विचारलं.

"मला वेगळा कप नको," ती म्हणाली.

जास्त सांगायची गरज नव्हती. आई लहान असताना नाते गावाच्या बाजूला त्यांच्या खेड्यात चहाच्या टपरीबाहेर कुडाला दोन फुटके कप लटकवलेले असत, आमच्या लोकांसाठी. आपण काढायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, आपणच धुवायचा, परत लटकवायचा. तिचे वडील टपरीवर कधी चहा प्यायले नाहीत. कुणी विचारलं तर "तहान नाय" म्हणायचे. पण महाडच्या चर्चमध्ये ते पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांच्या आधी ज्याने प्याला ओठाला लावला तो एक वरच्या जातीतून आलेला मास्तर होता. मास्तरांनंतर तोच प्याला, तीच कड, आजोबांच्या ओठाला. एवढ्यासाठी आजोबा ख्रिस्ती झाले, असं आई सांगते. त्यात थोडी भर घातली असेल, पण खोटं नाही. महाडच्या माणसाला तळ्याची गोष्ट सांगावी लागत नाही, तशी आमच्या घरात प्याल्याची सांगावी लागत नाही.

मी मंडळीची चिटणीस आहे. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. माझं पुस्तकांचं आणि फीचं मंडळीनेच पाहिलं. आधीच्या पाळकसाहेबांच्या पत्नीने स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं करून मला इंग्रजीचं व्याकरण शिकवलं. हे ऋण मी मानते. म्हणून पंचांनी "तू शिकलेली आहेस, लिही तू" म्हटलं तेव्हा नाही म्हणता आलं नाही. आणि म्हणूनच प्याल्याच्या विषयावर झालेल्या प्रत्येक सभेला मला पहिल्यापासून शेवटपर्यंत बसावं लागलं. ऋण फेडायच्या इतरही पद्धती असतील, मला हीच मिळाली.

सभेत दोन बाजू होत्या. एक महाडच्या जुन्या घरांची. त्यांचे पुढारी आमचे एक मामा, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. दुसरी बिरवाडीत खोल्या घेऊन राहणाऱ्या, कारखान्यात कामाला आलेल्या नगर-मराठवाड्याकडच्या कुटुंबांची. त्यांच्यात खजिनदार. शिस्तीचा माणूस, कारखान्यात सुरक्षेचं प्रशिक्षण देतो. करोनात त्याचा धाकटा भाऊ गेला. शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि सभेत कुणी उच्चारत नव्हतं.

"एका प्याल्याला पन्नास तोंडं," खजिनदार म्हणायचे. "आमच्याकडे कारखान्यात असं केलं तर मेमो मिळेल."

"चर्च म्हणजे कारखाना नाय रे बाबा," मामा म्हणायचे. "शास्त्रात काय लिवलंय? तुम्ही सर्व ह्यातून प्या. ह्यातून. ह्यांच्यातून नाय लिवलेलं."

"शास्त्रात एसटीपण नाही लिहिलेली. तुम्ही तीस वर्षं तिकिटं फाडलीत ना?"

"फाडली. पण वेगळ्या गाडीत नाय बसवलं कुणाला."

इथे खजिनदारांचा चेहरा बदलायचा. "मला शिवाशिव शिकवू नका, मामा. माझा आजा गावकुसाबाहेर राहत होता. तुमच्याइतकंच मला कळतं."

हेच तर मला सहन होत नव्हतं. दोघांचे आजोबा तसल्याच कुठल्यातरी कुडाला लटकवलेल्या कपातून चहा प्यायलेले किंवा न प्यायलेले. एकाच्या मनात तो कप होता, दुसऱ्याच्या मनात भावाचा ऑक्सिजनचा मास्क होता. दोघंही खरं बोलत होते. आणि दोघंही समोरच्याचं संपायची वाट न बघता आपलंच पुन्हा सुरू करत होते. मी लिहून घ्यायचे: "चर्चा झाली."

पाळकसाहेब तरुण, भला माणूस. त्यांनी बिशपांच्या कार्यालयात फोन केला. उत्तर आलं की स्थानिक मंडळीने प्रेमाने निर्णय घ्यावा. प्रेम असतं तर फोन कशाला केला असता, असं मामा म्हणाले आणि ह्या एका वाक्यावर खजिनदारांनीही मान डोलावली. मग पाळकसाहेबांनी सुचवलं, भाकरीचा तुकडा रसात बुडवून देऊ, म्हणजे ओठही नको, ग्लासही नको. मी घरी येऊन आईला सांगितलं.

"चहात बटर बुडवतात तसं?" ती म्हणाली.

"तसं नाही गं. पुष्कळ ठिकाणी करतात."

"करू देत. मी रस करून देते. तुम्ही त्यात काय बुडवायचं ते बुडवा."

बुडवण्याचा ठराव दोन्हीकडच्या लोकांनी मिळून पाडला. शेवटी, सगळे थकल्यावर, जे ठरलं ते असं: ज्यांना मोठा प्याला हवा त्यांनी डावीकडे, ज्यांना छोटे ग्लास हवेत त्यांनी उजवीकडे. मी म्हटलं, हे बरं दिसणार नाही. "मग तुम्ही सुचवा," असं दोन्हीकडून एकदम आलं. मी ठराव लिहून घेतला.

पहिल्या रविवारी दोन रांगा लागल्या. डावीकडे महाडची जुनी घरं, उजवीकडे बिरवाडी. नवराबायकोतही फूट पडली, बायको डावीकडे, नवरा उजवीकडे. कोण कुठल्या रांगेत जातो हे बघायला लोक मागे वळून बसले. अख्ख्या उपासनेत एवढं लक्ष मी कधी पाहिलं नव्हतं. मोठा प्याला परत आल्यामुळे आई उठेल असं मला वाटत होतं. पुरात चर्चमध्ये गाळ शिरला तेव्हा हाच प्याला तिने चिंच आणि राखेने घासून काढला होता. ती उठली नाही.

"आता तर प्याला आहे," मी घरी म्हटलं.

"रांगा दोन हायत."

"तू तुझ्या रांगेत जा ना."

"माझी कुठली गो? माझा बाप रांग मोडायला आलेला." आणि ती भाजी चिरू लागली.

पुढच्या सभेत दोन रांगांवरूनच भांडण झालं. आवाज चढले. मामांनी आईचं उदाहरण दिलं, की बघा, आमची एक वडीलधारी बाई तुमच्या टोपणांपायी मेजापासून दूर राहिलीय. त्यावर खजिनदार रागाच्या भरात बोलून गेले, "जी बाई स्वतः घेत नाही, तिच्या हातचा रस तरी मंडळीने का घ्यावा?"

खजिनदारांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पण शब्द सुटले होते, आणि आता तो विषय झाला. पुढच्या सभेत त्यावर विचार व्हावा, असं कुणीतरी म्हटलं. चिटणीस म्हणून माझ्याच आईच्या हातचा रस बंद करायचा की नाही, हा विषय मी माझ्याच अक्षरात लिहिला. घरी मी सांगितलं नाही. पण महाडात काय लपतं? दोन दिवसांत ते आईच्या कानावर गेलं. शनिवारी तिने मनुका मात्र भिजत घातल्या. ते रस करणं तिच्या हातातून गेलं असतं तर तिच्याकडे त्या चर्चमधलं काय उरलं असतं, ह्याचा मला विचार करवत नव्हता.

त्या मनुका पोलादपूरसाठी होत्या. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत आमच्या मंडळीची दोन-चार घरं आहेत. तिसऱ्या रविवारी पाळकसाहेब तिथे जातात. मोठा प्याला महाडाबाहेर न्यायचा नाही, पण मंडळीत एकी दिसावी म्हणून तिथेही छोटे ग्लास असावेत, असं सभेत ठरलं होतं, आणि मोटरसायकलवर ट्रे राहत नाही म्हणून तो नेण्याचं काम चिटणिसाकडे आलं. आई बाटली सांभाळायला बरोबर निघाली. गाडीत ट्रे मांडीवर घेऊन मी बसले होते. कंडक्टर म्हणाला, "बाई, अंडी आहेत का? खड्डा येतोय पुढं."

"अंडी असती तर बरं होतं," आई म्हणाली.

वाडीत उपासना एका आजींच्या घरी होते. मुलगे मुंबईला, आजी एकट्या. एप्रिल होता, अंगणात रिकामे हंडे ओळीने लावलेले. आजींनी ट्रेवरचं फडकं उचललं.

"ही काय गो?"

"प्रभुभोजनाचे ग्लास आहेत, आजी. आता हेच वापरायचे असं ठरलंय."

"येवढे? आणि घासायचे कोणी?"

पाळकसाहेब पुढे झाले. "आजी, आम्ही महाडला नेऊन धुऊ."

"उष्टी भांडी घेऊन एसटीत बसणार ही पोर? बरी दिसेल." आजींनी ट्रे उचलून माळ्याच्या शिडीवर ठेवला. "हितं प्यायला पाणी नाय. टँकर कधी येल त्याचा भरवसा नाय. तुमच्या सभेला सांगा, पाणी पाठवा, मग टोपणं पाठवा."

आजींनीही टोपणंच म्हटलं. आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आजींनी आतून स्टीलचा पेला आणला, पदराने पुसला आणि पाटावर ठेवला. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ठराव काय आहे हे सांगणं माझं काम होतं. मी गीतांचं पुस्तक उघडलं.

भाकर मोडली गेली. पेला फिरू लागला. आजी, त्यांची जाऊ, एक म्हातारे गृहस्थ, रांग नव्हतीच, सगळे घोंगडीवर गोल बसलेले. पेला आईपाशी आला. तिने दोन्ही हातांनी घेतला, प्यायली, पदराने ओठ टिपले आणि माझ्याकडे दिला. मी प्यायले. डोळे भरून आले होते, पण आई ज्या नजरेने पेल्याकडे बघत होती ती मला काही भक्तीची वाटेना. कपाळाला आठी होती.

परतीच्या गाडीत, कशेडीकडून आलेल्या ट्रकांच्या मागे आम्ही अडकलो असताना तिने तोंड उघडलं.

"रस कडू हाय."

"काय?"

"कडू लागतो. बियांच्या मनुका देतो तो दुकानदार हल्ली, त्या उकळल्या की कडवटतात. किती वर्षं असा करते मी?" ती माझ्याकडे वळली. "तू पितेस ना दर महिन्याला? बोलली का नाय?"

मी खरं ते सांगितलं. मला वाटायचं, प्लास्टिकचा वास असेल.

"येवढ्या सभा घेतल्या," आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आणि रस कडू हाय हे एकाला बोलता आलं नाय."

पुढच्या सभेत पहिला विषय पोलादपूर, ठराव असून तिथे ग्लास का वापरले नाहीत; दुसरा आईच्या हातचा रस. सभा सुरू व्हायच्या आधी मी म्हटलं, आईने एक विचारायला सांगितलंय. रस कडू लागतो का?

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मामांनी घसा खाकरला. "लागतो थोडा."

"थोडा नाही, बराच," खजिनदार म्हणाले. "दोन-तीन वर्षं झाली."

"मग कुणी बोललं का नाही?" मी विचारलं.

खजिनदारांनी समोरचा पेन सरळ केला. "बाईंना वाईट वाटलं असतं." मग हळूच विचारलं, "त्यांनी घेतलं म्हणे, पोलादपुरात?"

"घेतलं."

"कसल्या पेल्यातून?"

"आजींच्या. स्टीलच्या."

"बरं झालं," खजिनदार म्हणाले. "दुसरा विषय काढून टाका. पहिला राहू द्या, त्यावर मला बोलायचंय."

मी दुसरा विषय खोडला. मामा खुर्ची पुढे ओढून बसले. आई आता बिनबियांच्या मनुका आणते, त्या महाग पडतात म्हणून कुरकुरते, आणि तिसऱ्या रविवारी पोलादपूरची गाडी धरते. महाडात रांगा अजून दोन आहेत.