पोत्यावरचे आप्पा

गेल्या महिन्यात इथं लुधियानाच्या गोडाऊनला पेंडीचा ट्रक लागला... आणि पहिल्याच पोत्यावर आमचे आप्पा.

डोक्याला पटका, हात पाखऱ्या बैलाच्या वशिंडावर, बैलाची शिंगं रंगवलेली. खाली पंजाबीत कंपनीचं नाव. बाप जाऊन दोन वर्षं झाली... मी पोतं धरून तसाच उभा. मागनं मुकादम ओरडला, तेव्हा पाठीवर घेतलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आप्पांनाच वाहिलं.

फोटो मीच काढलेला. बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याच्या सकाळी, कोगनोळीत, आमच्या दारात. मोबाईल भरत आला म्हणून गावाकडचे सगळे फोटो एका साईटवर चढवून ठेवले होते. इथं मराठी बोलायला कोण नाही, मग जेवणाच्या सुट्टीत तेच बघत बसायचं...

आपल्याला न विचारता घेतलाच कसा, म्हणून डोकं फिरलं. आईला फोन लावला.

"कशाच्या पोत्यावर रं?"

"पेंडीच्या."

"मग असूंदे. गुटख्याच्या पुडीवर न्हाय न्हवं?" म्हणाली. मग हळूच, "येताना एक रिकामं पोतं घिऊन ये."

आता खरी गोष्ट अशी, की मोबाईल निपाणीत घेतलेला. आमचा भाग कर्नाटकात, म्हणून दुकानदारानं भाषा कन्नड लावून दिली, ती तशीच राहिली. बाजारापुरतं कन्नड मी फाडफाड बोलतो, पण अक्षर एक ओळखत नाही. शाळा मराठी, ती पण सातवीत सुटली. फोटो चढवताना साईटनं काहीतरी विचारलं होतं... वरचं बटण दाबून मोकळा झालो होतो.

गोडाऊनला गदगकडचा बसू आहे, कन्नड शाळेत शिकलेला. त्याच्याशी आजवर कामापुरतंच बोलणं. त्याच्यापुढं मोबाईल धरला. त्यानं हात पुसले, सावकाश वाचलं.

"फोटो तुझाच आहे, अण्णा. मालकी कुठं गेली नाही. पण कुणीही वापरा म्हणून तूच सांगून बसलायस." दिलेली परवानगी आता मागं घेता येत नाही म्हणाला. माझं तोंड पडलं. तसा परत खाली वाचत गेला... "थांब. काढणाऱ्याचं नाव छापायचं, अशी अट आहे बघ."

दोघांनी पोतं उलटंपालटं करून बघितलं. नाव कुठंच नाही.

बाकीच्या फोटोंना त्यानं तिथंच 'सगळे हक्क माझे' लावून दिलं. मग कंपनीला मेल लिहायला बसला, मोडक्यातोडक्या हिंदीत. शेवटी म्हणाला, "नाव काय टाकू?"

इथं मला सगळे 'ए बंबई' म्हणतात. मुंबई मी बघितलेली पण नाही... बसूला पूर्ण नाव सांगितलं. आधी माझं, मधी आप्पांचं, मग आडनाव. लई दिवसांनी तोंडातनं आख्खं नाव निघालं.

मेलला उत्तर अजून नाही. पण ट्रक लागला की मी आणि बसू आधी पोत्याचा कोपरा बघतो. मी लांब असलो तर तोच मान हलवून 'नाही' म्हणतो, आणि मग आम्ही कामाला लागतो. या परमुलखात माझ्या बापाचं नाव शोधणारा आणखी एक माणूस आहे, एवढं पण खूप झालं.

रिकामी पोती इथं ढिगानं पडलेली असतात. पण आईसाठी अजून एकही उचललेलं नाही... नाव छापून आलं की मगच नेणार.