टायरवरची चुन्याची रेघ

आमच्या घरात 'परमनंट' हा शब्द हळू आवाजात, आदरानं उच्चारला जायचा. मी मुलुंडच्या एका कारखान्यात फिटर होतो आणि परमनंट होतो, त्यामुळे चाळीत वडिलांची मान ताठ होती. अशा सुखाच्या दिवसांत एका रविवारी जेवताना मी जाहीर केलं की नोकरी सोडून मी गॅरेज काढणार आहे. आईनं वाढता वाढता हात थांबवला. वडिलांनी कढीची वाटी खाली ठेवली.

वडील परळच्या एका गिरणीत रिंग खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, होते. सूत काढणाऱ्या साच्यांवर त्यांनी उभी हयात काढली आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन मुलुंडला आमच्या दोन खोल्यांत येऊन बसले. बसले म्हणजे खरंच बसले. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी गॅलरीतली खुर्ची. त्यांचं माझ्याशी बोलणं दोन-चार शब्दांवर आलं होतं, आणि मी तापट असल्यामुळे तेवढंही भांडणावर जायचं. त्या दिवशी मात्र ते चिडले नाहीत. म्हणाले, "ती जीप करतास ना तुमी दोघे? ती ह्या मागल्या डोंगराच्या खिंडीत चढव आणि आपल्या पायान खाली घेवन ये. दोरी लावची लागली, माणसां बोलवची लागली, तर ह्या गॅरेजाचा नाव परत काढूचा नाय. आणि मी बसतलंय गाडयेत. तू येवन सांगतलंस ता माका नको."

ती जीप म्हणजे आमचं सगळं भांडवल. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. पेट्रोल महाग होत चाललं होतं आणि मुलुंड-पवईच्या डोंगरात खडीच्या खाणी जोरात होत्या. खाणवाल्यांकडे लष्कराच्या लिलावातल्या जुन्या जीपा असायच्या, पेट्रोल पिणाऱ्या. त्यांत डिझेलचं इंजिन बसवून दिलं तर गिऱ्हाइकांची रांग लागेल, असं माझ्या दोस्ताचं म्हणणं. हा दोस्त घाटकोपरचा, माझ्याच खात्यातला, जिभेनं माझ्याहून तिखट. आम्ही एक मोडकी जीप घेतली, मोडीत निघालेल्या टेम्पोचं डिझेल इंजिन तिच्यात बसवलं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांची भोकं जुळत नव्हती, तेव्हा मधली जाड प्लेट मी स्वतः लेथवर उतरवली. इंजिन जड निघालं आणि पुढच्या चाकांना जोडणारा आस, ॲक्सल, वाकला. मग दोस्तानं कुर्ल्याच्या भंगारातून दुसऱ्या जीपचा अख्खा पुढचा आस आणला. जुना आणि नवा शेजारी ठेवून पाहिले, बाहेरून काडीचा फरक नव्हता. बसवला.

आग्रा रोडवर गाडी झकास पळाली. आवाज पिठाच्या गिरणीचा, पण पळाली. डांबरी रस्त्यावर जीप नेहमी मागच्या दोन चाकांवर चालवतात. पुढची चाकं जोडणारा वेगळा दांडा असतो, तो फक्त चढाला आणि चिखलात टाकायचा. तो आम्ही तोवर टाकलाच नव्हता. गरजच काय, असं आम्हाला वाटलं. आज मला त्या दोन शहाण्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी आम्ही तिघे निघालो. वडील पांढऱ्या लेंग्यात, डोक्यावर टोपी, खिशात तंबाखूची चंची. देवळात जायला निघाल्यासारखे ते पुढच्या सीटवर ताठ बसले होते. खाणीपर्यंत ट्रकांचा रस्ता होता. तिथून पुढं गवत कापणाऱ्यांची आणि लाकूडफाटा आणणाऱ्यांची वाट, मध्येच मुरूम, मध्येच काळा कातळ. चढ सुरू झाला तिथं मी थांबलो आणि पुढच्या चाकांचा दांडा टाकला. दोस्त मागून म्हणाला, "आता बघा काका, घोरपडीसारखी चढेल."

मुरमावर ती चढलीही. पुढची चाकं जरा जास्तच खडे उडवत होती, पण मला तो जोर वाटला. मी वडिलांकडे तिरक्या नजरेनं पाहिलं. ते समोर बघत होते, पण कान गाडीच्या पोटाकडे लावल्यासारखे बसले होते. मग कातळ लागला, सुका, खडबडीत, चाक जराही न घसरणारा. वीस पावलं गेलो असू. स्टिअरिंग जड झालं, गाडी खालून कण्हायला लागली, इंजिन गुदमरलं, आणि फाडकन असा आवाज झाला की मला वाटलं सगळं तुटलं. गाडी जागच्या जागी थांबली. दांडा काढायला गेलो तर तो हलेना. मी दोन्ही हातांनी ओढला, पाय लावून ओढला.

"वाट लागली यार," दोस्त म्हणाला. "तुझी प्लेट गेली."

"प्लेट नाही गेली. तू आणलेलं भंगार गेलं."

"मग तेव्हा तोंड शिवलं होतं काय रे तुझं?"

त्यानंतर आम्ही एकमेकांना काय काय म्हणालो ते इथं लिहिण्याजोगं नाही. माझा आवाज सगळ्या डोंगराला ऐकू जात असावा. राग दोस्ताचा नव्हता. शेजारी बसलेला माणूस आता एक शब्द न बोलता खाली उतरेल, चालत घरी जाईल आणि मी आणखी तीस वर्षं परमनंट राहीन, याची मला भीती वाटत होती.

वडील खाली उतरले खरे, पण गेले नाहीत. त्यांनी मागच्या चाकाला दगडाची अडण लावली आणि म्हणाले, "भांडान झाला काय? फुडला चाक वर घेया."

"कशाला?"

"घे मी सांगतंय तर."

आम्ही जॅक लावला. पुढचं डावं चाक जमिनीपासून सुटलं, आणि सुटताक्षणी ते आपोआप एका झटक्यात फिरलं. इंजिन बंद, गाडी उभी, आणि चाक फिरलं. दोस्त दचकून मागं सरला. मी दांड्याला हात लावला, तर तो लोण्यातून सुरी यावी तसा सुटून आला.

"खयच्या बाजूक फिराला?" वडिलांनी विचारलं.

मी बघितलंच नव्हतं.

"फुडे फिराला," ते म्हणाले. "म्हणजे ता फुडे जावक बघी होता आणि कातळ ताका सोडी नाय होतो. तुमची फुडली चाकां मागल्यांपेक्षा जास्त धावतत."

मी म्हटलं, असं कसं होईल, इंजिन एक, गिअरबॉक्स एक. हे बोलतानाही माझा आवाज चढलेलाच होता. त्यांनी खालचा सपाट तुकडा दाखवला आणि सांगितलं, पुढच्या आसाकडे जाणारा फिरता दांडा, शाफ्ट, खोल आणि गाडी तिथं ने. आम्ही नट काढले, शाफ्टची दोन्ही टोकं सोडवून तो काढून घेतला आणि गाडी उताराला लावून ब्रेकवर खाली आणली. मग वडिलांनी चंची काढली. मला वाटलं, आता हे तंबाखू मळत बसणार. त्यांनी डबीतला चुना बोटावर घेतला आणि पुढच्या टायरवर एक रेघ ओढली, मागच्या टायरवर एक, मागच्या शाफ्टवर एक आणि पुढच्या आसाच्या तोंडाशी, जिथं शाफ्ट बसतो तिथं, एक. "ढकला. हळू. रेघ खालसून वर येऊन परत खाली गेली की थांबा."

आम्ही दोघे ढकलत होतो आणि ते गाडीबरोबर बसून सरकत होते, पांढऱ्या लेंग्यात, धुळीत, मान वाकडी करून आसाखाली बघत, ओठांनी मोजत. आधी मागचं मोजलं. मग तेवढंच पुढचं. दोन्हीकडे दोन-दोनदा मोजलं, कारण पहिल्या मोजणीवर त्यांचा विश्वास नसे.

"चाकाच्या एका फेऱ्याक मागलो शाफ्ट पाच फेरे घेता आणि वर निम्म्याक जरा कमी. फुडलो पाचय पुरे घेणा नाय."

दोस्त आणि मी एकमेकांकडे पाहिलं. पुढच्या आसाच्या पोटात दुसऱ्याच दातांचे गिअर होते; शाफ्ट तेवढाच फिरला तरी पुढचं चाक जास्त धावणार. बाहेरून जुळे, आतून वेगळे. ते उघडून दात मोजायचं आम्हाला दोघांनाही सुचलं नव्हतं. आम्ही फिटर होतो, आणि परमनंट.

"साच्यात ह्याच करतत," वडील सांगायला लागले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता, सावकाश, खुशीतला. "फुडलो रोलर जोरात, मागलो सावकाश. मधलो कापूस ताणलो जाता, बारीक होता, मगे सूत होता. ताका ड्राफ्ट म्हणतत. दात बदललो की ड्राफ्ट बदललो. मी रोज दात मोजी होतंय. तुमी गाडयेक ड्राफ्ट दिलास. पण ही लोखंडाची, ही ताणाची कशी?"

दोस्त आधी हसला, मग मी, आणि कातळावर बसून आम्ही पोट धरून हसलो. वडील हसले नाहीत. ते बोटांवरचा चुना गवताला पुसत होते.

मी म्हटलं, "चला, खाली जाऊ. हरलो मी." हे मी मनापासून म्हटलं. अट ती अट.

"खिंड वर हा," ते म्हणाले. "शाफ्ट काढलो ना? आता मागल्या चाकांर काय अडाचा नाय. वजन मागे टाक."

आम्ही गाडीत मागं दगड भरले. सोडवलेला शाफ्ट वडिलांनी मांडीवर घेतला, त्याचं ग्रीस लेंग्याला लागलं तरी सोडला नाही, आणि दोस्ताशेजारी दगडांवर जाऊन बसले. मी सगळ्यात हळू गिअर टाकला. गाडी कातळावर चढली तेव्हा कण्हली नाही. दोन ठिकाणी मागची चाकं घसरली, दोन्ही वेळा मागं घेऊन मी दुसरी बाजू धरली. माझी जीभ दातांत होती. खिंडीत पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. एका बाजूला तलावाचं पाणी, दुसऱ्या बाजूला लांब मिठागरं आणि खाडी. वडिलांनी दोन्हीकडे बघून घेतलं आणि पाणी प्यायले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. तिथं मला काहीच वाचता आलं नाही.

मग गाडी आपल्याच चाकांवर सावकाश खाली आणली. चाळीच्या दारात दोस्त म्हणाला, "काका, मग?" वडील म्हणाले, "जेवची वेळ झाली, घराक जा."

आईनं आधी लेंगा पाहिला आणि कपाळाला हात लावला. मग विचारलं, "काय वो, चढली गाडी?"

"चढली. दोन चाकांर."

माझा जीव तिथंच अडकला. दोन चाकांवर म्हणजे चढली की नाही चढली? मी मोरीत हात धुवायच्या निमित्तानं पाठमोरा उभा राहिलो. पाणी कधीचं वाहत होतं.

वडील जेवायला बसले. पहिला घास घेण्याआधी, आईलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "दोरी लावूक लागली नाय. माणसां बोलवली नाय. जे बोललंय ता बोललंय. पण ह्यां दोघांका दात मोजूक येनत नाय. भंगारातला सामान येयत ता आधी माज्या हातासून जावक होया." मग माझ्याकडे वळून, दोन वर्षांत पहिल्यांदाच न भांडता काहीतरी विचारावं तसं विचारलं, "गॅरेज सकाळी कितीक उघडतलंस?"

मला नीट दिसत नव्हतं. मी म्हटलं, "आठला."

"साताक उघड," ते म्हणाले. "आठाक आमच्या पाळयेचो एक तास भरलेलो आसायचो."